देवाच्या दारची झेंडूची बाग

(ग्रामदैवत श्रीभैरवनाथ मंदिराच्या जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यात दुसऱ्या दिवशी सायंकाळी सभामंडपात केलेले भाषण)



समितीने मला दोन शब्द बोलण्यास सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हणालो. मी तहसील कचेरीतला कारकून. शिक्षण एस.एस.सी.पर्यंत. टिपणी लिहिणे, अर्जावर आवक नंबर घालणे हे माझे काम. काल रात्री कीर्तनकार महाराजांची अमृतवाणी आपण ऐकलीत, त्यानंतर मी काय बोलावे? पण अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही झेंडूवर बोला. तेवढे तुम्हाला येते." म्हणून उभा राहिलो आहे. चूकभूल पदरात घ्यावी.

देवाच्या कृपेने आणि आपणा सर्वांच्या हातभाराने देऊळ उभे राहिले. गाभारा तोच जुना दगडी आहे, सभामंडप नवा झाला, शिखरावर कलश चढला. दीपमाळेपासून नगारखान्यापर्यंत फरशी झाली. आता देवळाच्या उत्तरेस तेवढी एक मोकळी जागा उरली आहे. ती मी स्वतः टेपने मोजली. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद, म्हणजे बरोबर १ गुंठा. त्या जागेवरही फरशी घालावी, गाड्या लावायला होईल, असे काही मंडळींचे म्हणणे आहे. त्यांचेही चूक नाही. पण त्या १ गुंठ्याविषयी माझी एक विनंती आहे. ती शेवटी सांगतो. आधी झेंडूविषयी.

झेंडूशिवाय आपला दसरा होत नाही. दाराला तोरण, वाहनाला हार, शस्त्राला फूल, घटाला माळ, सगळीकडे झेंडू. कोकणात याला गोंडा म्हणतात. त्यामुळे हे फूल आपल्याकडे आद्य काळापासून आहे असे आपल्याला वाटते. पण त्याचे मूळ गाव फार लांब आहे. झेंडू मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. पोर्तुगीज लोक सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्याला आले, त्यांच्याबरोबर तो आला असे मानतात. तिकडे मेक्सिकोत दरवर्षी १ व २ नोव्हेंबरला लोक आपल्या गेलेल्या माणसांची आठवण करतात आणि त्यांच्यासाठी झेंडूच्या फुलांची आरास मांडतात. माझ्या मुलीने मोबाईलवर मला ती चित्रे दाखविली. हे फूल परक्या मुलखातून आले आणि आपल्या देवाच्या गळ्यात बसले. माणूस असो की झाड, आपल्या मातीत रुजले की ते आपलेच.

आता थोडे घरचे सांगतो. त्याशिवाय पुढचे कळणार नाही.

या देवळाच्या दसऱ्याच्या तोरणाची फुले बरीच वर्षे आमच्या आईच्या परड्यातून येत. ती शाळेत गेली नव्हती. तिच्या कमरेला चावी नव्हती की हातात पैसा नव्हता. ती म्हणायची, "माझ्याकडे देवाला द्यायला हेच आहे. फूल ना फुलाची पाकळी." लावणीचा तिचा हिशेब अगदी सोपा होता. आषाढी एकादशीला बी टाकायचे आणि नागपंचमीला रोप लावायचे. मी कचेरीचा माणूस. डायरीत तारीख लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी तारीख विचारली की ती म्हणायची, "अरे, तुझी तारीख कचेरीला. दसरा तिथीवर येतो."

२०२० साली करोनाची साथ आली. मार्चपासून देवळे बंद. मी बराच काळ घरी होतो, म्हणून आईच्या हाताखाली प्रथमच नीट काम केले आणि सगळे डायरीत टिपून ठेवले. त्या वर्षी आईने आषाढीला बी टाकले नाही. एक महिना थांबून श्रावणातल्या एकादशीला टाकले आणि नागपंचमीऐवजी ऋषिपंचमीला रोपे लावली. माझ्या डायरीत नोंद आहे : ३० जुलै, बी टाकले. २३ ऑगस्ट, रोपे लावली. २५ ऑक्टोबर, दसरा, तोरण दिले. देऊळ बंद होते, गुरवकाका आत एकटेच पूजा करीत. तोरण बाहेरच्या दाराला बांधले आणि आम्ही लांबून हात जोडले.

२०२१ च्या एप्रिलमध्ये आई गेली. बियांची पुरचुंडी तिने उतरंडीच्या वरच्या मडक्यात ठेवली होती, ती मला मिळाली. मी ठरविले की तोरण चुकू द्यायचे नाही. डायरी काढली आणि तारखेला तारीख धरून काम केले. ३० जुलैला बी, २३ ऑगस्टला रोप. रोपे छान वाढली. मला अभिमान वाटला. पुढे ७ ऑक्टोबरला घटस्थापनेच्या दिवशी सरकारने देवळे उघडली. सगळा गाव आनंदात. गुरवकाका म्हणाले, "यंदा तोरण मोठे करा हो." मी परड्यात गेलो तर झाडांवर हरभऱ्याएवढ्या हिरव्या कळ्या. फूल एकही नाही.

मग दिनदर्शिका घेऊन बसलो. त्या वर्षी दसरा १५ ऑक्टोबरला होता, म्हणजे आदल्या वर्षापेक्षा १० दिवस आधी. २०२० साली आश्विन अधिक मास होता म्हणून आईने एक महिना थांबून लावणी केली होती. ते कारण मी लिहिलेच नव्हते. तारीख लिहिली, तिथी सोडून दिली. रोप लावल्यापासून दसऱ्यापर्यंत आईचे ६३ दिवस झाले होते, माझे झाले फक्त ५३. माझी फुले आली कोजागरीनंतर, दिवाळीच्या तोंडावर. कचेरीत पंचवीस वर्षे तारखा लिहिणारा मी, आणि माझी तारीखच चुकली. कोणाला तोंड दाखवू नये असे झाले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी चावडीवर येऊन सांगितले की यंदा माझ्याकडे फुले नाहीत, तालुक्याहून विकत आणतो. कोणी काही बोलले नाही. पण संध्याकाळी मी पिशवी घेऊन एस.टी.ला निघालो, तोच शेजारच्या काकू सुपात सात फुले घेऊन आल्या. त्यांच्या मागून धाकट्या वहिनी आल्या, त्यांच्या डब्यातल्या झाडाची तीनच फुले होती. मग वरच्या आळीतून आली, मळ्यातून आली, वस्तीवरून आली. कोणाचा झेंडू, कोणाची मखमल, कोणाची शेवंती. दिवेलागणीपर्यंत ४१ घरांतून फुले आली. माझ्या सवयीप्रमाणे मी त्या घरांची यादी केली. ते तोरण एकरंगी नव्हते, एकसारखेही नव्हते. पण ते बांधताना माझे डोळे भरून आले, हे मी इथे देवासमोर कबूल करतो.

असो. त्या चुकीतून मी जे शिकलो ते आता आपल्यापुढे ठेवतो. विशेषतः माता-भगिनींनी ध्यानात घ्यावे.

पहिली गोष्ट वेळेची. झेंडूला बी टाकल्यापासून रोप लावायला येईपर्यंत साधारण साडेतीन आठवडे लागतात आणि रोप लावल्यापासून फूल यायला ६० ते ६५ दिवस. आईचा हिशेब मी मागाहून पडताळून पाहिला. २०२४ साली नागपंचमी ९ ऑगस्टला आणि दसरा १२ ऑक्टोबरला, मधे ६४ दिवस. २०२५ साली नागपंचमी २९ जुलैला आणि दसरा २ ऑक्टोबरला, मधे ६५ दिवस. २०२३ साली श्रावण अधिक होता. त्या वर्षी नागपंचमी २१ ऑगस्टला आणि दसरा २४ ऑक्टोबरला, तरी मधे ६४ दिवसच. म्हणजे तारखा तीन आठवड्यांनी इकडेतिकडे झाल्या, पण तिथीचे अंतर तेच राहिले. फक्त एक सांभाळावे. आषाढ ते आश्विन यांच्यामध्ये अधिक मास येत असेल तर एक महिना थांबून काम करावे. शंका वाटली तर दसऱ्यापासून ६५ दिवस मागे मोजावेत. तो रोप लावण्याचा दिवस.

दुसरी गोष्ट जागेची. झेंडूला ऊन हवे. वडा-पिंपळाच्या सावलीत लावला तर नुसता पाला माजतो आणि फूल येत नाही. जमीन पाण्याचा निचरा होणारी हवी. आपल्याकडे काळी माती आहे, पावसात पाणी धरते. म्हणून बी सपाट जमिनीत टाकू नये. वीतभर उंच गादीवाफा करावा, त्यात चांगले कुजलेले शेणखत मिसळावे, बी बोटभर अंतराच्या ओळीत टाकावे आणि वरून चाळलेल्या खताचा पातळ थर द्यावा. बी खोल गेले तर उगवत नाही. झारीने हलके पाणी द्यावे. बी फार दाट पडले आणि वाफा चिकचिकीत राहिला तर रोपे बुडाशी कुजून माना टाकतात. माझ्या पहिल्या वाफ्यातली निम्मी रोपे अशीच गेली.

रोपाला चार-पाच पाने आली आणि ते वीतभर झाले की लावणीस तयार झाले. लावणी सायंकाळी करावी आणि लगेच पाणी द्यावे. दोन ओळींत दोन फूट आणि दोन रोपांत दीड फूट अंतर ठेवावे. आपल्याला वाटते की दाट लावले तर फुले जास्त येतील. तसे होत नाही. वारा खेळला नाही की पानांवर रोग येतो. या हिशेबाने १ गुंठ्यात मधली वाट सोडून ३०० रोपे सहज बसतात.

तिसरी गोष्ट शेंडा खुडण्याची. हे करताना जिवावर येते. रोप लावून तीन-चार आठवडे झाले, ते ताठ उभे राहिले, आणि त्याचा शेंडा नखाने तोडायचा! पण शेंडा खुडला म्हणजे बगलेतून फांद्या फुटतात, झाड घेरदार होते आणि एका फुलाच्या जागी अनेक फुले येतात. मात्र हे काम कळी दिसण्यापूर्वी करावे. शेंडा खुडल्याने फूल थोडे लांबते. उशिरा खुडला तर दसरा हुकलाच म्हणून समजा.

खताविषयी एवढेच सांगतो की युरियाचा मोह धरू नये. जास्त युरियाने झाड हिरवेगार आणि उंच होते, बघणारा वाहवा करतो, पण फुले कमी येतात. शेणखत, गांडूळखत आणि महिन्याने एकदा मातीची भर, एवढे देवळाच्या बागेला पुरते. मातीची भर दिली की झाड वाऱ्या-पावसात लोळत नाही. कलकत्ता जातीची झाडे उंच होतात आणि फुले वजनदार असतात, त्यांना काठीचा आधार द्यावा. मखमल बुटकी असते, ती बागेच्या कडेला लावावी. पाणी बुंध्याशी द्यावे, फुलावर मारू नये. फुलात पाणी साचले की फूल आतून काळे पडते.

चौथी गोष्ट किडीची. पाऊस उघडून हवा कोरडी आणि गरम झाली की पानाखाली लाल कोळी येतो. पाने फिकी पडतात, बारीक जाळी दिसते. सुरुवातीलाच पानाच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोराचा फवारा मारावा. कळी पोखरणारी अळी दिसली तर हाताने वेचावी. एवढ्याने भागले नाही तर ५ टक्के निंबोळी अर्क वापरावा. १० लिटर पाण्याला अर्धा किलो निंबोळीची भरड, रात्रभर भिजवून सकाळी फडक्याने गाळून घ्यावी. कडक विषारी औषध देवाच्या बागेत नको. ही फुले गाभाऱ्यात जातात, तिथलाच अंगारा आणि प्रसाद आपण लहान मुलांच्या तोंडात घालतो.

शेतकरी बंधूंसाठी एक गोष्ट सांगतो. झेंडू देवाच्या उपयोगाचा आहे तसा शेताच्याही उपयोगाचा आहे. त्याच्या मुळांतून असे द्रव्य निघते की जमिनीतल्या सूत्रकृमींना आळा बसतो. मुळांवर गाठी येऊन आपली टोमॅटो आणि वांगी बसतात, ते या सूत्रकृमींमुळेच. तसेच टोमॅटोच्या दर १६ ओळींमागे झेंडूची एक ओळ लावली तर फळे पोखरणारी अळी आपली अंडी झेंडूवर घालते आणि टोमॅटो पुष्कळसा वाचतो. मात्र झेंडूवरच्या अळ्या वेचून मारल्या पाहिजेत, नाहीतर आपणच कीड पोसल्यासारखे होईल.

पाचवी गोष्ट तोडणीची. फुले सकाळी ऊन चढण्यापूर्वी किंवा सायंकाळी तोडावीत. आदल्या दिवशी बागेला पाणी दिले तर फूल ताजे राहते. तोडलेली फुले ओल्या फडक्याखाली करंडीत ठेवावीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नयेत. जितके तोडाल तितके झाड पुन्हा देते. झाडावर फूल वाळू दिले की झाडाला वाटते आपले काम झाले, आणि ते बियांच्या मागे लागते.

आणि बी. चांगल्या, निरोगी झाडांवरची मोठी फुले ओळखून तेवढी न तोडता झाडावरच वाळू द्यावीत. पाकळ्या सुकल्या की आत काळ्या काड्यांसारखे बी मिळते. ते सावलीत वाळवून कापडी पुरचुंडीत कोरड्या जागी ठेवावे. बाजारातले संकरित बी महाग असते, आणि त्याच्या फुलांचे बी धरले तर पुढच्या वर्षी तसेच फूल येईल याची खात्री नसते. आईची पुरचुंडी गावरान बियांची होती. ती आजतागायत चालू आहे.

आता निर्माल्याविषयी थोडे स्पष्ट बोलतो, राग मानू नये. आपण देवाला वाहिलेली फुले दुसऱ्या दिवशी मागच्या बारवेत टाकतो. पवित्र वस्तू पाण्यात सोडावी अशी आपली भावना असते. पण त्या बारवेच्या पाण्याला आज वास येतो, आणि त्याला कारण आपणच आहोत. त्यापेक्षा त्या मोकळ्या जागेच्या कोपऱ्यात ३ फूट लांब, ३ फूट रुंद आणि ३ फूट खोल खड्डा घ्यावा. दोरा, तार, जर आणि प्लॅस्टिक काढून फुले व बेलाची पाने त्यात टाकावीत, वर थोडे शेण आणि माती. तीन-चार महिन्यांत उत्तम खत होते. देवाच्या पायावरचे फूल देवाच्याच बागेला खत म्हणून जाईल. यात विटंबना नाही, सन्मानच आहे.

मंडळी, आता माझी विनंती. जीर्णोद्धाराचे पावती पुस्तक माझ्याकडे होते. लाखाची देणगी देणाऱ्यांची पावती मी लिहिली, तशी ११ रुपयांचीही लिहिली. ज्यांनी मोठी रक्कम दिली त्यांचा मान मोठाच आहे, त्यांच्यावाचून हे शिखर उभे राहिले नसते. संगमरवरी फलकावर त्यांची नावे आली, हे योग्यच झाले. परंतु पावती पुस्तकात फुलांचा रकाना नाही. ज्या ४१ घरांनी २०२१ च्या दसऱ्याला देवाची लाज राखली, आणि माझीही राखली, त्यांची यादी माझ्या डायरीत पडून आहे. ती या स्मरणिकेत देणगीदारांच्या यादीनंतर छापावी, अशी माझी पहिली विनंती आहे. माझ्या आईचे नाव त्यात नको. त्या वर्षी तिची फुले नव्हती.

दुसरी विनंती त्या १ गुंठ्याची. तिथे फरशी घालू नये. गाड्यांसाठी वेशीबाहेर गावठाणाची जागा आहे, तिथून देऊळ दोन मिनिटांच्या चालीवर आहे. हातपाय धुण्याच्या नळाचे पाणी आज गटारात जाते, ते एका चराने या जागेत वळवता येईल. तिथे साबण लावू नये एवढे पथ्य पाळले की झाले. पाण्याचा नवा खर्च नाही, खताचा नाही, बियांचा नाही. लागणार आहेत ते फक्त हात. मी नोकरीचा माणूस, रविवारी आणि सुटीच्या दिवशी मी येईन. इतर सहा दिवसांसाठी सहा आळ्यांनी एक-एक दिवस वाटून घ्यावा. शाळेच्या मुलांनाही बरोबर घ्यावे. ज्या मुलाने स्वतः शेंडा खुडला आहे, ते मूल उगाच कळी तोडणार नाही.

आणि तरीही समितीने फरशीच घालायची ठरविली, तर मी रुसणार नाही. समितीचा निर्णय तो गावाचा निर्णय. मग प्रत्येक घराने आपल्या परड्यात, नाहीतर पत्र्याच्या डब्यात, झेंडूची पाच रोपे लावावीत. २०२१ साली आपण नकळत केले, ते आता ठरवून करू. आषाढी एकादशीच्या संध्याकाळी मी पुरचुंडी घेऊन पारावर बसेन. ज्यांना बी हवे त्यांनी यावे. पावती मिळणार नाही, पण बी मिळेल. आणि नागपंचमीचा दिवस तेवढा विसरू नये.

 

भैरवनाथाच्या नावानं चांगभलं!